एक्सची किंमत

डॉ. नागेंद्र गुंजीकर यांनी उभ्या आयुष्यात एकच उद्योग केला. एकाला जागेवरून उठवायचं आणि तिथं दुसऱ्याला बसवायचं. हे ऐकून कुणाला वाटेल की गडी राजकारणात असणार. पण तेवढी धमक त्यांच्यात नव्हती. बेळगावातल्या एका खासगी संस्थेच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, आणि ज्यांना उठवत-बसवत ते बिचारे धातूंचे अणू होते. अणू तक्रार करत नाहीत, मोर्चा काढत नाहीत, म्हणून सरांचं बरं चाललं होतं.

गंजाची तांबडी भुकटी घ्यायची, त्यात निकेल आणि जस्ताच्या भुकट्या मिसळायच्या, खलात घोटायच्या, दाबून टिकल्या करायच्या आणि भट्टीत लाल होईपर्यंत भाजायच्या. कपबशीसारखी कडक, काळी टिकली तयार होते. तिला फेराइट म्हणतात. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या पोटातही तिचा एक तुकडा असतो. आता या टिकलीतलं थोडं लोखंड काढून त्या जागी ॲल्युमिनियम बसवलं तर काय होईल? वीज कमी वाहील की जास्त? आतली रचना आखडेल की फुगेल? हे मोजायचं आणि पेपर छापायचा. पुढच्या वर्षी ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम. त्याच्या पुढच्या वर्षी मॅग्नेशियम. धातू संपत आले तर दोन-दोन एकदम.

शिकवायला मात्र माणूस वाईट नव्हता, एवढं कबूल करायला हवं. वर्गात ते खानापूरच्या लाल बसचं उदाहरण देत. "बाकं ठरलेली हाईत. जाडा माणूस उठला आणि बारका बसला की रांग आखडती. ही झाली रचना. आता वीज. गर्दीत कंडक्टर मागं पोचत न्हाय, मग तिकिटाचे पैसे हातोहात पुढं जातात. लोखंडाचे अणू हात पुढं करणारे. ॲल्युमिनियम म्हणजे खिडकीतनं बाहेर बघत बसणारा. असली माणसं जास्त झाली की पैसे अडकले, वीज अडकली!" पोरं हसत, आणि त्यांना कळेही. कॉलेजात कळण्यासारखं एवढंच काहीतरी शिकवलं जाई.

बदललेल्या धातूचं प्रमाण किती, त्याला सूत्रात एक्स म्हणतात. प्रयोगशाळेत कुणीही पाऊल टाकलं की सर चष्म्यावरून बघून पहिला प्रश्न टाकत, "एक्सची किंमत किती?" नवी पोरं या प्रश्नानं घामाघूम होत. एकदा तर वायरमन दिवा बदलायला आला होता, त्यालाही विचारला.

असे पेपर त्यांनी ढिगानं पाडले. प्रत्येकाचा शेवट एकच: हा पदार्थ उच्च वारंवारतेच्या उपकरणांत उपयोगी पडू शकेल. तो पदार्थ कपाटाबाहेर कधी पडला नाही. वाचणारे म्हणाल तर धारवाडचा एक मित्र आणि कोल्हापूरचा एक मित्र. त्यांचे पेपर हे वाचत, यांचे ते. उंटाच्या घरच्या लग्नात गाढव गवई, अहो रूपम् अहो ध्वनि!

पण एवढं करूनही दारावरच्या पाटीतला 'सहयोगी' हा शब्द काही जाईना. पूर्ण प्रोफेसर व्हायचं तर परदेशातल्या एखाद्या नामांकित नियतकालिकात एक तरी पेपर हवा होता, आणि तिकडचे संपादक सरांचे पेपर न उघडताच परत धाडत. जागा एकच होती आणि मुलाखत फेब्रुवारीत. त्यांच्या बायकोचा, पूर्णिमाबाईंचा मावसभाऊ चिकोडीला प्रिन्सिपॉल झाल्यापासून घरात या विषयावर कुणी बोलत नसे. न बोलणंच जास्त टोचे. सरांना ती पाटी हवी होती. इतकी हवी होती की झोपेत ते आपलं नाव नव्या पाटीसकट वाचत.

त्या वर्षी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती उपासना कांबळे. निपाणीची. आजीनं, गंगव्वानं, तंबाखूच्या वखारीत हयात घालवली. बाप धर्मराज हायस्कुलात हेडमास्तर झाला. आणि पोरगी रोज निपाणीहून संकेश्वरमार्गे बसनं बेळगावात येऊन फेराइट भाजत होती. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम, हाच तिचा विषय. सरांच्या लेखी तिच्यात एकच खोट होती. आलेला आकडा ती परत मोजून बघे. "एकदा आलं की आलं, देव का परत परत दर्शन देतो?" असं सर म्हणत, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत.

संस्थेच्या अध्यक्षांनी नुकतीच विभागाला नवी विजेची भट्टी दिली होती. दिली म्हणजे सरकारच्या अनुदानातून दिली, पण दारावर पितळी पाटी मात्र त्यांच्या नावाची. पाटी एवढी ऐसपैस की दाराला मूठ लावायला जेमतेम जागा उरली होती.

खंडेनवमीला विभागात आयुधपूजा होई. प्रयोगशाळेतला शिपाई मष्णू तराजूला, खलाला, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावी, दाराशी कोहळा फोडी, मग सगळ्यांना चिरमुरे आणि कुंदा. उपासना त्या दिवशी नसे. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, निपाणीत कार्यक्रमाची तयारी असे. तिला कुणी अडवत नव्हतं, तीही कुणाला काही म्हणत नव्हती.

या वेळी सर स्वतः गावाकडून, गुंजीच्या बाजूच्या आपल्या खेड्यातून, मारुतीचा शेंदूर घेऊन आले होते. वडील मारुतीराव जन्मभर त्या देवळात दिवा लावत. नव्या भट्टीला गावचा शेंदूर लागला पाहिजे, म्हणजे फेब्रुवारी साधेल, असा हिशेब. मष्णूनं तेलात कालवलेली वाटी हातात घेतली आणि तो दारापुढं थबकला.

"सर, लावू कुठं? आक्कं दार सायबांच्या नावानं भरलंय."

आता अध्यक्षांच्या नावावर शेंदूर फासायचा म्हणजे नोकरीवर पाणी. देवाला दुखवलं तर तो समजून घेतो, अध्यक्ष घेत नाहीत. सरांनी क्षणभर विचार केला, भट्टीचं दार उघडलं, आणि दाराच्याच आतल्या बाजूच्या पांढऱ्या विटेवर स्वतःच्या बोटानं चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग उपासनानं भाजण्यासाठी दाबून ठेवलेल्या टिकल्या आत रांगेनं मांडल्या. सगळ्यांत कमी ॲल्युमिनियमची पार मागं, सगळ्यांत जास्तीची दाराजवळ. नारळ फोडला, मुहूर्तावर बटण दाबलं, आणि फोटो काढून अध्यक्षांना पाठवला.

सुट्टीनंतर उपासना आली. भट्टी उघडली तर दाराच्या आतल्या विटेवर पिवळट, चकाकणारा डाग. स्वस्तिक जळून गेलं होतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"सर, हा डाग कसला?"

"नवी भट्टी हाय. घाम आला असंल."

भट्टीला घाम येतो हे रसायनशास्त्र तिला नवीन होतं. तिनं टिकल्या मोजायला घेतल्या. दाराजवळच्या टिकलीत ॲल्युमिनियम सगळ्यांत जास्त, म्हणजे तिच्यातून वीज सगळ्यांत कमी वाहायला हवी. ती वाहत होती सगळ्यांत जास्त. थोडीथोडकी नव्हे, बाकीच्यांना कुठल्या कुठं मागं टाकून.

सरांनी आलेख पाहिला आणि खुर्चीतून उठले. "आलं गं, आलं!"

त्याच आठवड्यात पेपर तयार झाला. एवढ्या ॲल्युमिनियमपाशी अणू आपापल्या जागा सोडून नवीच मांडणी करतात आणि वाहकता उसळी घेते, असा सिद्धांत सरांनी चहा निवायच्या आत रचला. क्ष-किरणांच्या आलेखात एक बारीक, ओळख न लागणारं टोक दिसत होतं. "तो कचरा, काढून टाक," म्हणाले. पेपर परदेशी गेला आणि या वेळी संपादकानं चक्क तपासायला घेतला. सरांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं, अध्यक्षांनी सभेत जाहीर केलं, आणि शाल कुठल्या रंगाची आणायची यावर चर्चा सुरू झाली.

"सर, एकदा परत करून बघते," उपासना म्हणाली.

तिनं परत केलं. उसळी नाही. आणखी एकदा केलं. नाही. टिकल्या शहाण्यासारख्या वागत होत्या, ॲल्युमिनियम वाढेल तशी वीज कमी. सर भुकट्यांवर चिडले, हेस्कॉमच्या विजेवर चिडले, तिच्या घोटण्यावर चिडले. नाचता येईना, अंगण वाकडं. रात्री ते पंख्याकडं बघत पडून राहत आणि एकच गोष्ट उगाळत: पहिल्या वेळी असं काय होतं, जे नंतर नव्हतं?

आणि एका पहाटे त्यांना उत्तर सापडलं. पूजा!

हा तोच माणूस, जो दर विज्ञानदिनी हायस्कुलांत जाऊन अंधश्रद्धेवर भाषण देई, लिंबू-मिरचीची टिंगल करी आणि टाळ्या घेई. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण तर त्याच्या भाषणात ठरलेली. पण स्वतःच्या फांदीवर कावळा बसला तेव्हा तो गरुड दिसला. शनिवारी, मारुतीच्या वारी, कॉलेज सुटल्यावर सरांनी मष्णूला थांबवून घेतलं. परत गावचा शेंदूर. परत दाराच्या आतून स्वस्तिक, आणि या वेळी भक्ती जास्त म्हणून स्वस्तिकही मोठं. परत नारळ.

आणि आलं. पहिल्यापेक्षा झकास आलं.

सरांच्या अंगावर काटा उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं. गावाकडच्या एका साध्या दगडी मारुतीनं थेट अणूंच्या रांगेत हात घातला होता, तोही आपल्यासाठी! पुढं कितीतरी दिवस तासाला जाण्यापूर्वी ते भट्टीला हात लावून तो छातीला लावत. उपासनाला म्हणाले, "झालं का समाधान तुझं? परत आलं."

"काय वेगळं केलासा, सर?"

"काय न्हाय. मन लावून केलं."

ती अशा उत्तरावर थांबणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या वेळच्या त्या टिकलीचा एक तुकडा तिनं आधीच कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत धाडला होता, आत कोणकोणते धातू आहेत ते बघायला. उत्तर आलं. लोखंड, निकेल, जस्त, ॲल्युमिनियम. आणि शिसं.

शिसं कुणी घातलंच नव्हतं. सरांना विचारलं तर म्हणाले, मशीन बिघडलं असेल. ती भट्टीपाशी गेली. दाराच्या आतला पिवळा डाग आता दुप्पट झाला होता. मष्णू झाडू मारत होता, त्याला तिनं विचारलं. त्यात काय लपवायचं? मष्णूनं ऊर भरून सांगितलं, "ते व्हय? स्वस्तिक की आक्का! सरांनी सोताच्या हातानं काढल्यालं. शेंदराचं. दोन्ही टायमाला मीच तर वाटी धरलतो."

त्या दुपारी एम.एस्सी.ची पोरं आपापल्या टेबलावर खलात भुकट्या घोटत होती. उपासना सरांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, ते शिसं शेंदराचं आहे."

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळलं तसं तोंडातून निघालं ते त्यांच्या पदवीला शोभणारं नव्हतं. "तुम्हा लोकांना आमच्या देवाचं वावडं, म्हणून शेंदूरच दिसणार तुला!"

खल थांबले. उपासनाचा चेहरा लाल झाला. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"तुमच्या देवाचं मी नाव घेतलेलं नाही, सर. मी धातूचं घेतलं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हे बी.एस्सी.ला तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. मी पहिल्या बाकावर होते."

सरांनी लिहिलं होतं. दर वर्षी लिहीत होते. पिवळी पूड, तांबडी पूड, तापली की कोण कुणात बदलतं, सगळं पाठ होतं त्यांना. शेंदूर तापतो, पिवळा पडतो, वितळतो, वाफ होऊन जवळच्या टिकलीत शिरतो. पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल असं गणित, आणि ते देवाचे आभार मानत बसले होते. त्यांना इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं समजू नये. त्यांच्या डोक्यात फेब्रुवारी होता, शाल होती, पाटी होती. लाजेमागोमाग अक्कल धावली, तीही वाकड्या वाटेनं.

"बरं," ते खाकरले. "मग बिघडलं कुठं? संपादकाला सुधारून लिहू. शिसं आपण मुद्दाम घातलं. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आणि शिसं. उलट जास्त भारी दिसतंय. पेपर तो पेपरच."

"ते जागेवर बसलेलंच नाही, सर. शिशाचा अणू केवढा मोठा! त्याला बाकावर जागाच नाही. ते दाण्यांच्या फटीत पाघळलं. गुळाच्या पाकानं शेंगदाणे चिकटावेत तशी टिकली आवळली, म्हणून वीज वाहिली."

"ते आपल्याला म्हायती. त्यांना कोण सांगायला चाललंय? तू लिही."

उपासनानं टेबलावरचं पेन उचललं, कागद पुढं ओढला, आणि वाटेत कुणाला पत्ता विचारावा इतक्या साधेपणानं विचारलं, "लिहिते. शिशासाठी एक्सची किंमत किती?"

प्रयोगशाळेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हा प्रश्न ऐकला की वही काढायची अशी सवय सरांनीच पोरांना लावली होती. खिडकीजवळच्या टेबलावर एका मुलीनं खरंच पेनाचं टोपण काढलं आणि उत्तर उतरवून घ्यायला ती सरांकडं बघू लागली.

शून्य पूर्णांक शून्य पाच. म्हणायला काय लागतं? उचलली जीभ लावली टाळ्याला, हे काही ते पहिल्यांदा करणार नव्हते. पेपरांतले कितीतरी सिद्धांत त्यांनी असेच टाळ्याला लावले होते. पण आकडा? आकडा त्यांनी कधी खोटा लिहिला नव्हता. सगळा पोकळ डोलारा ज्या एका खांबावर उभा होता तो हा. भुकटी तराजूत मोजून घातली, ती किती घातली, ते खरं सांगितलं. त्यापलीकडं या माणसाच्या आयुष्यात धड असं काही नव्हतं, आणि आज ते त्यालाच कळलं. शेंदराचं किती? बोटाला लागला तेवढा. भक्ती होती तेवढा.

ती मुलगी अजून पेन धरून बसली होती.

"ठाऊक न्हाय," नागेंद्र सर म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की मागच्या टेबलावरच्यांना ऐकू गेला नाही. उपासनाला गेला. तिनं पेन खाली ठेवलं. तिलाही आनंद वगैरे काही झाला नाही. प्रबंधातला सगळ्यांत चमकदार आलेख तिच्याही हातून गेला होता. उरली ती साधी, सरळ, खाली उतरणारी रेघ.

संध्याकाळी सरांनी संपादकाला कळवून पेपर मागं घेतला. कारणात काय लिहिलं ते कुणाला दाखवलं नाही, आणि चूक एका कर्मचाऱ्याची असं लिहून त्यात मष्णूच्या नावावर ढकललं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. पण ढकललं नाही, हे उपासनाला त्या संपादकाच्या उत्तरावरून पुढं कळलं. तिच्या प्रबंधात एक प्रकरण वाढलं: भट्टीच्या दारावर लावलेल्या शेंदरातून शिसं टिकलीत कसं शिरतं आणि फसवं फळ कसं देतं. 'शेंदूर मार्गदर्शकांनी लावला' हे वाक्य तिनं लिहिलं होतं. सरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, लाल पेन उघडलं, आणि खोडण्याऐवजी त्यातली शुद्धलेखनाची चूक तेवढी सुधारली. मग सही केली.

अध्यक्षांनी सभेत जाहीर केलेली गोष्ट खोटी ठरली, म्हणजे अपमान अध्यक्षांचा. प्रोफेसरची जागा फेब्रुवारीत दुसऱ्याच एकाला गेली, ज्याच्या पेपरांत एक्सची किंमत पानागणिक बदलत असे. शाल त्यालाच घातली. पूर्णिमाबाई घरात बोलू लागल्या, ते न बोलण्यापेक्षा बरं होतं की वाईट, सरांनाच माहीत. 'सहयोगी' दारावर तसाच राहिला.

माणूस आमूलाग्र बदलला, असं काही नाही. पुढच्या खंडेनवमीला तो परत गावचा शेंदूर घेऊन हजर. डॉ. उपासना कांबळे त्या दिवशीही निपाणीला होती. मष्णूनं वाटी धरली आणि भीत भीत विचारलं, "सर, यंदा आतनं न्हाय न्हवं?"

"न्हाय. भायेरनं."

"भायेर सायबांचं नाव हाय की वो."

सरांनी वाटीत बोट बुडवलं. प्रोफेसरची पाटी तर आता हातची गेली होती, अध्यक्षांची भीतीही तिच्याबरोबर गेली होती. त्यांनी अध्यक्षांच्या पितळी नावावर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तेल ओघळेस्तोवर ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"हितं किती बी लाव," ते मष्णूला म्हणाले. "हितनं आत काय जात न्हाय."